माजलेले दाणे

१

“ही तिसरी,” असं म्हणत त्या बाईनं रुमालाची गाठ सोडली आणि तीन पांढरे तुकडे टेबलावर ठेवले. “पहिली तुटली तेव्हा एक माणूस गेला. माझ्या दिराच्या चुकीनं गेला, असं ठरलं आणि त्याला घराबाहेर काढलं. आता तो कारखान्यात नाही, त्याची सावलीसुद्धा नाही, तरी ही तुटलीच. मग सांगा, ही कुणी तोडली?”

भिंगताईनं तुकडे जवळ ओढले. तुटलेल्या वस्तूंची जबानी घेणं हा तिचा धंदा. लिफ्टचे हुक, सायकलींचे दांडे, नळाच्या तोट्या, जे म्हणून मोडेल ते या चाचणी प्रयोगशाळेत तिच्यापुढे येई. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला भिंगताईच म्हणत. माणसं खोटं बोलतात, तुटलेली कड बोलत नाही, असं ती म्हणायची. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि एक तुकडा उजेडाकडे धरला.

“कशाची रिंग?”

“पंपाची. आत आम्ल फिरतं, ते बाहेर येऊ नये म्हणून ही बसवतात. आमचा छोटा कारखाना आहे. पांढरी पावडर दाबायची, भट्टीत भाजायची, की दगडापेक्षा टणक होते. सासऱ्यांनी सुरू केला. पुढे आमचे हे व्यवहार बघायचे आणि भाऊजी भट्टी.”

मग तिनं सगळं सांगितलं. रंगाच्या कारखान्यात पंपाची रिंग फुटली, उकळतं आम्ल उडालं आणि पंपवाला गेला. पंपाच्या कंपनीचा इंजिनियर आला, तुकडा कापून त्यानं आत पाहिलं आणि म्हणाला, पावडरीचे दाणे फुगलेत, माल जास्त भाजलाय, भट्टीवाला झोपला असणार. तिच्या नवऱ्यानं तर त्याच आठवड्यात भावाला भट्टीपुढच्या बाकावर डुलक्या काढताना पाहिलं होतं. पुढे काही बोलायलाच उरलं नाही. मग दुसरी तुटली. नशिबानं कुणाला लागलं नाही. ‘तीही त्याच्याच हातची असेल,’ नवरा म्हणाला. आणि आता ही तिसरी.

“हिच्यावरचा शिक्का बघा. गेल्याच महिन्यातला आहे.”

“तुम्ही इथं आलात ते मालकांना माहीत आहे?”

“त्यांना वाटतंय मी डोळे तपासायला गेलेय.” ती जराशी हसली, पण हसू टिकलं नाही. “लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी नऊ वर्षांचे होते. पुढचे दोन दात पडलेले. मला वहिनीसुद्धा नीट म्हणता यायचं नाही त्यांना. दारातून निघाले तेव्हा मी आत होते. बाहेर आले नाही. नवऱ्यापुढे बोलले नाही. ते आता रोज घास घेताना आठवतं.”

भिंगताई तुकडा फिरवत होती. तुटलेल्या कडेवर बारीक आरसे चमकत होते, नुसत्या भिंगातून दिसतील एवढे मोठे. असल्या रिंगेत दाणे इतके बारीक हवेत की भिंगाला सापडूच नयेत.

“ह्यातले दाणे माजलेत. तुमचा नवा भट्टीवालाही झोपतो का?”

“त्याला झोपायची मुभाच आहे. तेव्हापासून भट्टीला यंत्र बसवलंय. आचेत एका अंशाचाही फरक पडू देत नाही.”

भिंगताईनं तुकडा खाली ठेवला. भट्टीवाला बदलला, भट्टीचा कारभार बदलला, तरी दाणे तसेच माजलेले. म्हणजे गुन्हेगार कुणीही असो, तो घराबाहेर गेलाच नव्हता.

२

खाली कारखाना, वर घर. दारातून आत पाऊल टाकलं की बुटांवर पांढरी पूड बसायची. एका कोपऱ्यात पावडर घोटणारं पिंप गडगडत फिरत होतं, मधे प्रेस धपधप करत होता आणि शेवटाला भट्टी, तिच्या अंगावर नवं कोरं यंत्र, लाल आकडे दाखवणारं. भट्टीमागची भिंत पांढरीशुभ्र होती. तिच्याच बाजूची मात्र छतापर्यंत पिवळट काळी.

“अर्धीच रंगवलीत?” भिंगताईनं विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी रंगारी अर्धं काम टाकून पळाला,” थोरला भाऊ म्हणाला. उंच माणूस, खांद्यात वाकलेला. बायकोनं डोळ्यांच्या डॉक्टरऐवजी कुणाला गाठलं हे कळल्यावर तो रागावला नव्हता, पण त्याचा आवाज कोरडा पडला होता. “मॅडम, झाली गोष्ट. भरलेली जखम कशाला उकरायची?”

“भरली असती तर तिसरी रिंग तुटली नसती.”

त्यानं भट्टीपुढच्या बाकाकडे पाहिलं. मग स्वतःच बोलायला लागला. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं हो. भट्टी पेटलेली आणि हा बाकावर मान टाकून झोपलेला. खोकल्याचं औषध घेत होता, त्यानं गुंगी यायची. अरे, मग मला सांगायचं ना! मी उभा राहिलो असतो भट्टीपुढे. सख्खा भाऊ मी. पण तो माणूस मेल्यावर... त्याच्या बायकोपुढे मी काय तोंड घेऊन उभा राहणार होतो? घरच्या माणसाला पाठीशी घातलं असं म्हणाली असती.”

“त्या सुमारास इथं काय बदललं होतं?”

“काही नाही. पावडर तीच, व्यापारी तोच, साचा तोच, माणसं तीच.” हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की भिंगताईला त्यात खोट सापडेना.

पावडर घोटणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे पीठवाला म्हणत. भुवयांपासून चपलांपर्यंत तो पांढरा होता. चष्म्याच्या काचा पुसल्यावर तेवढेच दोन गोल स्वच्छ दिसायचे. “माझ्या पिठात मी चिमूटभर मीठसुद्धा घालत नाही,” तो फणकारला. “मालकांच्या वडिलांपासून एकच रीत. येतं ते घोटतो, वाळवतो, प्रेसवर देतो.”

प्रेसवर एक तोंडाळ बाई होती. साच्यात पावडर, वरून ठोका, खालून कच्ची रिंग, हात चालू आणि तोंडही चालू. “बदललं काय? कप्पाळ! पगार बदलत नाही तिथं दुसरं काय बदलणार? हां, हात तेवढे खराब झाले. आधी दिवसभर लोण्यासारखे मऊ असायचे, आता नखांत मेण अडकतं.” मग तिनं पीठवाल्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “सगळं विचारलंत, पण एक विचारलं नाहीत. नवा भट्टीवाला कुणाचा कोण लागतो?”

“कुणाचा?”

“पीठवाल्याचा जावई. वर्षभर घरी बसून होता. धाकट्या मालकांची जागा रिकामी व्हायला आणि ह्याच्या नशिबाचं दार उघडायला एकच गाठ पडली बघा.”

निघताना वहिनी दारापर्यंत आली. गच्चीवर चादरी वाळत होत्या, तिकडे बघत ती उगाच म्हणाली, “आता कपडे वरती घालता येतात. आधी सगळ्यांना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास यायचा.”

भिंगताईनं ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात जावई बसला होता.

३

थोरल्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जुनी रिंग ठेवलेली असे, वडिलांच्या काळातली. ती भिंगताईनं मागून आणली होती. प्रयोगशाळेत तिनं जुनी आणि नवी, दोन्ही कापल्या, आरशासारख्या घासल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

जुनीतले दाणे खसखशीसारखे होते, बारीक, एकसारखे, शेजाऱ्याला शेजारी चिकटून. नवीत त्या खसखशीत जणू कुणी हरभरे मिसळले होते. मोठमोठे दाणे आजूबाजूच्या बारक्यांना गिळून बसलेले आणि गिळताना मधली हवाही पोटात अडकलेली. बाहेरून दोन्ही रिंगा जुळ्या बहिणी. वजन तेच, रंग तोच. पण ताण आला की नवीतली चीर अशा एखाद्या दांडग्या दाण्यापाशी सुरू होणार आणि एका दमात आरपार जाणार.

दोन्हींची पूड तिनं रसायन तपासणाऱ्या सहकाऱ्याला दिली. संध्याकाळच्या आत तो हसत आला. “दोन्ही एकच आहेत ताई. फक्त जुनीत नखभर मॅग्नेशिया सापडला. हजारात एक भागही नाही. नवीत नाही. सोडून देण्यासारखं आहे.”

भिंगताई खुर्चीतून उठलीच.

दुसऱ्या दिवशी वहिनीला तिनं समजावलं. “भट्टीत तापलं की प्रत्येक दाण्याला वाटतं, शेजारच्याला खाऊन आपण मोठं व्हावं. सगळे सारख्या वेगानं वाढले तर बिघडत नाही. पण एखादा हावरट निघाला की तो सुटतोच. मॅग्नेशिया, मॅग्नेशियमपासून होणारा एक पांढरा पदार्थ, दाण्यांच्या हद्दीवर जाऊन बसतो आणि कुणालाच डोईजड होऊ देत नाही. वर्गात एखादे मास्तर नुसते उभे असले तरी पोरं दंगा करत नाहीत, तसं. चिमूटभर पुरतो. पण ती चिमूट नसेल तर सगळा वर्ग डोक्यावर.”

“पण आमच्याकडे मॅग्नेशिया कुणी आणतच नाही.”

“तोच तर प्रश्न आहे. तुमच्या सासऱ्यांच्या काळापासून कुणीतरी तो घालत होतं. आणि दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तो बंद केला.”

बंद करण्यात कुणाचा फायदा होता, ते उघड होतं. भिंगताईनं पीठवाल्याला पिंपाशेजारी एकट्याला गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

म्हातारा भडकला नाही. त्यानं चष्मा काढला, तेव्हा भिंगताईला त्याचे डोळे पाणावलेले दिसले. “जावयाला मी चिकटवला, खरं आहे. पोरीच्या संसाराकडे बघून पाय धरले मालकांचे. पण धाकट्याला मी खांद्यावर बसवून ह्या पिंपाभोवती फिरवलंय. तो गेला त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटली नाही. मी त्याच्या जागेवर टपून बसलो होतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण तुमचं ते मॅग्नेशिया काळं का गोरं हेसुद्धा मला ठाऊक नाही.”

तिनं मनात हिशोब मांडला. त्यानंच बंद केला असता, तर त्यानंच इतकी वर्षं गुपचूप घातलाही असता. ते कशासाठी? कुणाच्या सांगण्यावरून? काही केल्या जुळेना. व्यापाऱ्याकडून पावडरचा जुना नमुना मागवून तिनं तपासला होता. त्यातही मॅग्नेशिया नव्हता.

कुणी आणला नाही, कुणी घातला नाही. तरी एक वस्तू वर्षानुवर्षं प्रत्येक रिंगेत येत होती आणि एक दिवस ती यायची थांबली.

४

हात धुवायला ती मोरीवर गेली. नळाला खारट, जड पाणी. कितीही चोळलं तरी फेस येईना. उलट हातांवर आणि मोरीच्या फरशीवर पांढरट, तेलकट साय धरली.

“ह्या पाण्यात साबण फाटतो,” प्रेसवाली मागून म्हणाली. “पाण्यातला क्षार त्याला धरून ठेवतो. माझी आई म्हणायची, खारं पाणी म्हणजे साबणाची सवत.”

भिंगताईनं नळ बंद केला. हातावरच्या सायीकडे ती बघतच राहिली. तेल एकीकडून, क्षार दुसरीकडून, दोघांची गट्टी झाली की ही बुळबुळीत पांढरी पूड.

“तुमचे हात आधी मऊ असायचे म्हणालात. कशानं?”

“साबणपूड असायची ना! साच्यातून रिंग सुटावी, चिकटू नये, म्हणून पावडरीत मिसळायची. आता तिच्याऐवजी पातळ मेण येतं डब्यातून.”

“मी विचारलं होतं, काय बदललं म्हणून!”

“तुम्ही रिंगेचं विचारलंत, बाई.” प्रेसवाली गोंधळली. “साबणपूड काय रिंगेत राहते होय? भट्टीत जळून जाते. मेणही जळून जातं. जे जळून जातं ते कोण धरतं?”

साबणपुडीची एक अर्धी गोणी अजून प्रेसच्या मागे पडून होती. साच्याचा एखादा भाग अडकला की तिच्यातली मूठभर पूड उपयोगी पडे. भिंगताईनं लोखंडी पळीत ती थोडी घेतली आणि शेगडीवर धरली. पूड वितळली, काळवंडली, दाट धूर निघाला आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास कारखानाभर पसरला.

“हाच तो!” प्रेसवालीनं पदर नाकाला लावला. “सगळ्या गल्लीला यायचा.”

धूर संपला. पळीच्या तळाशी पांढऱ्या राखेची बारीक पापडी उरली होती. हीच ती चिमूट. ही पूड मॅग्नेशियम आणि चरबी यांचा साबण होती. चरबी जळून जायची आणि मॅग्नेशिया मागे राहायचा. कुणी मुद्दाम घातला नव्हता, त्यामुळे तो गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण भिंगताईला तर्कावर थांबायची सवय नव्हती. तिनं कच्च्या रिंगा दाबून घेतल्या, काही साबणपुडीच्या आणि काही मेणाच्या, आणि प्रयोगशाळेच्या भट्टीत एकाच फळीवर शेजारी शेजारी भाजल्या. मग साबणपुडीची एक वेगळी ठेवली आणि मुद्दाम जाळली. आच वाढवली, वेळ ताणला, एखादा माणूस सबंध पाळी झोपून गेला तर होईल त्याहून जास्त.

वहिनीला तिनं बोलावून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

“ही मेणाची. बघा, हरभरे. ही साबणपुडीची, खसखस. आणि ही तिसरी, साबणपुडीचीच, पण जाळलेली.”

“हिच्यातले दाणे जरा मोठे दिसतात.”

“जरा मोठे. पण माजलेला एक तरी सापडतो का?”

वहिनीनं बराच वेळ डोळा काढला नाही. “म्हणजे भाऊजी झोपले नसते तरी ती रिंग तुटलीच असती.”

“हो. आणि साबणपूड असती, तर ते झोपले असते तरी रिंग अशी माजली नसती.”

वहिनीनं टेबलाची कड घट्ट धरली. पदरानं तिनं डोळे पुसले नाहीत, पाणी हनुवटीपर्यंत येऊ दिलं.

“आता एकच राहिलं,” भिंगताई म्हणाली. “साबणपूड बंद कुणी केली?”

वहिनीचा चेहरा एकदम उतरला. काहीतरी आठवलं होतं तिला, आणि ते आठवायला नको होतं.

५

दुसऱ्या दिवशी पिंप थांबवलं, प्रेस थांबवला आणि सगळे भट्टीपुढे जमले. भिंगताईनं सूक्ष्मदर्शकातून काढलेले दाण्यांचे फोटो बाकावर मांडले. पीठवाला, त्याचा जावई, प्रेसवाली आणि वहिनी बघत होते. थोरला मागे हात बांधून उभा होता.

तिनं सगळं उलगडून सांगितलं. यंत्र बसवल्यावरही दाणे माजले, म्हणजे आच दोषी नाही. व्यापाऱ्याचा जुना नमुना नव्यासारखाच निघाला, म्हणजे पावडर दोषी नाही. दोन वर्षांपूर्वी रंगवलेली भिंत अजून पांढरी, म्हणजे त्या सुमारालाच भट्टीतून धूर यायचा थांबला. वहिनीच्या चादरी, प्रेसवालीचे हात, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. आपण तेवढं ऐकलं नाही, असंही तिनं कबूल केलं.

“रिंगेतून मॅग्नेशिया काढून घेतला तो मेणाच्या डब्यानं. पहिली तुटलेली रिंग त्या मेणाच्या पहिल्याच मालातली असणार. डबा कुणी आणला?”

“माझ्या हातात आला, मी ओतला. जळून जाणारं म्हणून ते मी घालण्यात धरलंच नव्हतं,” पीठवाला पुटपुटला. “कुणी आणला ते...” तो थांबला. त्याला माहीत होतं आणि त्याला बोलायचं नव्हतं.

“मी आणला,” थोरला म्हणाला.

मागे बांधलेले हात सोडून तो पुढे आला.

“त्याचा खोकला जात नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्याला धुरापासून लांब ठेवा, नाहीतर छाती कायमची जाईल. भट्टीपासून लांब म्हटलं असतं तर तो ऐकणार होता थोडाच? म्हणून मी धूरच बंद करायचं ठरवलं. चार ठिकाणी चौकशी केली. दुकानदार म्हणाला, हे मेण घ्या, महाग आहे पण धूर नाही, राखसुद्धा उरत नाही.” त्यानं मेणाच्या डब्याकडे बोट केलं. “राखसुद्धा उरत नाही, म्हणून खूश होऊन आणलं मी. त्याला सांगितलं नाही. म्हणाला असता, माझ्यासाठी बाबांची रीत मोडू नका.”

“मला तुम्ही सांगितलं होतं,” वहिनी हळूच म्हणाली. “त्या दिवशी जेवताना. भाऊजींच्या छातीची काळजी मिटली म्हणालात. मी देवाला हात जोडले होते.”

“मग तो माणूस मेला आणि मी धाकट्याला...” थोरला बाकावर बसला. त्यानं एक फोटो हातात घेतला. “तो मला म्हणाला होता, दादा, मी डुलकी काढली खरी, पण आच सुटू दिली नव्हती. मी म्हटलं, तोंड वर करून खोटं बोलतोस? मारला मी त्याला. लहानपणीसुद्धा कधी हात उगारला नव्हता.”

जावयानं भट्टी बंद केली. ती बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरल्यानं मान वर केली. “जेवढ्या रिंगा बाहेर गेल्यात तेवढ्या परत मागवा. सगळ्या. आधी ते. मग मला त्याच्याकडे घेऊन चला.”

६

धाकटा एका रोपवाटिकेत काम करत होता. हातात पाण्याची झारी होती आणि केस मधूनमधून पांढरे झाले होते. वहिनीनं आधी त्याला जवळ घेतलं, मग थोरला पुढे झाला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एकही वाक्य स्वतःच्या बाजूनं न वळवता. तांत्रिक भाग आला की तो भिंगताईकडे बघे आणि ती मान हलवे.

धाकट्यानं ऐकून घेतलं. झारी खाली ठेवली.

“पण झोपलो तर होतो मी, दादा. ते खरंच आहे.”

“झोपला असशील. त्यानं ती तुटली नाही. मी आणलेल्या मेणानं तुटली.”

“धूर कमी झाला ते कळलं होतं मला. वाटलं, रंगारी आला तेव्हा धुराडं साफ केलं असेल.” त्यानं एका रोपाचं वाळकं पान खुडलं. “मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू आणू दिलं नसतंस.”

“नसतंच आणू दिलं.”

एवढ्या एका ‘नसतंच’मध्ये एका माणसाचा जीव होता, हे चौघांनाही एकदमच कळलं.

“घरी चला, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

“येईन, वहिनी. राहायला नाही. भट्टीपुढे आता मला उभं राहवत नाही.” मग त्यानं विचारलं, “तिला सांगितलंत का? त्या पंपवाल्याच्या बायकोला?”

तो तिच्याकडे जात होता, हे तेव्हा बाहेर आलं. घराबाहेर काढल्यावर आधी तिच्याच दारात जाऊन त्यानं सांगितलं होतं, तुमचा माणूस माझ्या झोपेनं गेला. तिनं दार लावून घेतलं. तो पुन्हा गेला, तिनं पुन्हा लावलं. मग एकदा तिची मोरी तुंबली होती, ती त्यानं न विचारता साफ केली. पुढे छपराचे पत्रे बसवले, मुलीची सायकल नीट केली. आता ती त्याला पाणी विचारायची. गेल्या खेपेला तर मुलीच्या वाढदिवसाला ये म्हणाली होती.

“तिला मीच सांगतो,” थोरला म्हणाला.

“एकटे नको. मी येतो.”

चौघं निघाले. पंपवाल्याचं घर चाळीच्या टोकाला होतं, दारापुढे चपला नीट ओळीनं लावलेल्या. विधवा बाहेर आली ती हसतच, कारण तिला आधी धाकटा दिसला. मग मागची माणसं दिसली आणि हसू थांबलं.

थोरल्यानं हात जोडले आणि सांगितलं. कसं झालं, का झालं, आपण काय बदललं, कुणाला दोष दिला. भिंगताईनं फोटो पुढे केला. त्या बाईनं तो घेतला नाही.

“म्हणजे ह्याची चूक नव्हती?”

“नाही,” भिंगताई म्हणाली.

“ह्यांची होती.”

“ह्यांच्या हातून झालं. ठाऊक नसताना. भावाच्या काळजीपोटी.”

बाई चौकटीला टेकली. मग बोलली ती धाकट्याकडे बघत, आणि आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“दोन वर्षं लागली रे मला तुला माफ करायला. रोज थोडं थोडं करत आणलं होतं. आता हे म्हणतात, माणूसच चुकीचा होता. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करू? आणि ह्यांनी तर भावाच्या भल्यासाठी केलं म्हणे. मग रागवायचं तरी कुणावर मी?”

थोरला एक पायरी खाली उतरला.

“तू आत ये,” ती धाकट्याला म्हणाली. “पोरगी वाट बघतेय. वहिनी, तुम्हीही या.” थोरल्याकडे तिनं बघितलं नाही. “ह्यांना म्हणावं, थांबा. माझ्याच्यानं आज नाही होणार.”

दोघं आत गेले. दार तिनं लावलं नाही, नुसतं लोटून घेतलं. आतून एका मुलीचा आवाज आला, मग भांड्यांचा.

भिंगताईचं काम केव्हाच संपलं होतं. पण थोरला चपलांच्या ओळीशेजारी पायरीवर बसला, तेव्हा तीही बसली.

“मॅडम, सांगा,” तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, “मेणच वापरलं असतं आणि पिठात ती चिमूट वेगळी घातली असती, तर? त्याची छातीही वाचली असती आणि...”

“हो,” भिंगताई म्हणाली. “दोन्ही झालं असतं.”

त्यानं मान डोलावली. उन्हं चाळीच्या भिंतीवर चढत गेली, येणारे जाणारे त्याच्याकडे बघत गेले. तो उठला नाही. लोटलेल्या दाराकडे पाठ करून, बोलावणं येईल न येईल, तो बसून राहिला.